‘पोरांनीच शोधायचं, तर मास्तर कशाला?’

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: शोधातून शिकणं हे परदेशी फॅड आहे, संशोधनानं ते खोटं ठरवलंय, विज्ञानाला एकवेळ चालेल, बाकी विषयांत पोरं काय शोधणार, आणि साठ पोरांत पोर्शन कोण संपवणार? मी कोल्हापुरात सातवीला शिकवतो, म्हणून हे उत्तर.

परदेशी म्हणाल, तर मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. त्या काही एसीवाल्या इंटरनॅशनल शाळा नव्हत्या.

संशोधनाचं अर्धंच सांगितलंय. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६ चा लेख आहे खरा. पण त्यांची टीका मुलांना फारसं मार्गदर्शन न करता सोडून देण्यावर आहे, आणि ती मला पटते. पुढच्याच वर्षी त्याला जे उत्तर आलं त्याचा मुद्दा हाच होता, की नीट चालवलेल्या शोधात शिक्षकाचा आधार भरपूर असतो.

म्हणजे कसा, ते सांगतो. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात ते दिवस, आपल्याला पाठ आहे: नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. एका पोरीनं विचारलं, “सर, मधल्या दिवसांत किरणं कुठं जात्यात?” उत्तर जिभेवर आलेलं, गिळलं. म्हटलं, दर रविवारी आपापल्या गच्चीवरून बघा, सूर्य समोरच्या टाकीच्या कुठल्या बाजूला मावळतो, आणि चित्र काढा. डिसेंबरात तो डावीकडं सरकत गेला, जानेवारीत परत फिरला. मग कॅलेंडर काढून दिवस मोजले. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, म्हणजे सूर्य परत फिरतो त्या दिवसापर्यंत, ४१; तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. वर्गात जो गलका झाला! दक्षिणायन-उत्तरायण हे शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. मास्तर कशाला, तर कधी गप्प बसायचं आणि कधी सांगायचं हे ठरवायला.

पोर्शन? ऋतुनिर्मितीचा धडा यातच उरकला. तरी एक-दोन तास जास्त गेले, ते नाकारत नाही. साठ पोरांचे सहा-सहांचे गट केले की गोंधळ होतो, पण झेपतो. पाढे आणि शुद्धलेखन मात्र मी आजही घोकूनच घेतो. प्रत्येक गोष्ट शोधायला लावणं हा वेडेपणा आहे.

राहिला ‘बाकी विषयांत काय शोधणार’ हा मुद्दा. इतिहासाच्या तासाला सांगितलं, की शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “मग माझी पणजी अंगठा का लावायची?” सगळ्यांना घरी विचारून यायला सांगितलं. कुणाची पणजी धाकट्या भावंडांना सांभाळत होती, कुणाची रानात जात होती. प्रश्न विचारणारा दोन दिवसांनी आला तो जुना नकाशा मागतच. पणजीचं माहेर सांगली संस्थानातलं निघालं होतं, आणि कोल्हापूरचा हुकूम तिथं लागू होता का, हे त्याला बघायचं होतं.