समासातल्या तारखा

नगरच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला महिनाभर एकच विषय चाललाय. पाळकसाहेबांनी सुचवलं की रविवारचा शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, सोप्या मराठीतल्या नव्या भाषांतरातून वाचावा, म्हणजे मुलांनाही कळेल. झालं! वडीलधारे म्हणाले, देवाचं वचन बदलता येत नाही. तरुण म्हणाले, मग सरळ इंग्रजीच वाचू. मी सोप्या मराठीच्या बाजूने चार ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं, "परदेशात बसून मंडळीला शिकवू नका."

ते लागलं. बारा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला राहिले म्हणून माझी मंडळी बदलली का? माझा बाप्तिस्मा तिथला, संडे स्कूल तिथलं, सुवर्णवचनं पाठ केली ती तिथल्याच सतरंजीवर बसून.

आणि वचनाला हात लावायचा नाही म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून बघावं. नगरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, कारण त्या काळचं भाषांतर खेड्यातल्या साध्या बायकांना झेपत नव्हतं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्यात घातली. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. 1924 मध्ये त्यांनीच तिथे काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं, आणि त्या छापखान्यात काम करत होत्या मिशनमधल्या मुली आणि बायका. सोप्या मराठीचा आग्रह आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे, तो आजच्या पोरांनी काढलेला नाही.

इथे आमच्या चर्चमध्ये फारेरिन, म्हणजे पाळकबाई, मार्टिन लूथरचं जर्मन भाषांतरच वाचते. 2017च्या सुधारित आवृत्तीत तर कितीतरी ठिकाणी लूथरचे जुने शब्द परत आणलेत. तेविसाव्या स्तोत्रातलं 'मीअर विर्ट निख्ट्स मांगेल्न' आजही तसंच आहे, आपल्या 'मला काही उणे पडणार नाही'सारखं, कानाला जुनं आणि गोड. कॉन्फर्मेशनच्या मुलांच्या हातात मात्र सोप्या जर्मनमधलं बाझिसबीबल असतं. दोन्ही चालतात, त्यावरून कुणी कुणाचा विश्वास काढत नाही. रविवारी निम्मी बाकं रिकामी असतात हे खरं, पण तो विषय वेगळा.

गुरुवारी लेट शिफ्ट नसली की मी हाउसक्राइसला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून बायबल वाचणाऱ्या गटाला, जाते. आठ जण, चहा, ब्रेत्सेल, लोझुंग, म्हणजे त्या दिवसासाठी नेमलेलं वचन, आणि एक अध्याय. मागच्या हिवाळ्यात मत्तयाचा पाचवा अध्याय होता. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आम्ही ज्यांच्या घरी बसलो होतो त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी चष्मा काढला, पुस्तकावर ठेवला, "मला बहिणीला फोन करायचाय" म्हणाल्या आणि उठल्या. काचेच्या दारापलीकडे भिंतीला टेकून उभ्या, फोनची वायर बोटाला गुंडाळत. वीस मिनिटं. आम्ही गप्प बसून होतो, चहा गार झाला. परत आल्या, चष्मा लावला, म्हणाल्या, "पुढे वाचा."

वचन वाचायचं ते असं. ग्रुपवर महिनाभर एवढं लिहिलं गेलं, त्यात कुणी अशा वाचनाबद्दल एक ओळ लिहिली नाही.

आमच्या घरात असं वाचन होतं. आई रोज संध्याकाळी, कुकर उतरवला की कौटुंबिक प्रार्थनेला बसायची आणि वाचून झालं की समासात निळ्या बॉलपेनने तारीख घालायची. स्तोत्र 37पाशी, 'पगार नाही, तिसरा महिना.' लूक 6पाशी, 'शेजारी दोन पायली ज्वारी दिली. परत मागायची नाही.' स्तोत्र 121पाशी माझ्या विमानाची तारीख, पुढे काही नाही.

ते शास्त्र, आईचं बायबल, माझ्याकडे आहे. आई गेली तेव्हा आठ दिवसांसाठी आले होते, निघताना कुणाला न विचारता बॅगेत घातलं. दादाने नंतर मागितलं. मी म्हटलं, तुला घर मिळालं, मला एवढं तरी राहू दे. याला चार वर्षं झाली. नाताळला शुभेच्छांचा एक मेसेज जातो, एक येतो.

हाउसक्राइसहून परतताना त्या रात्री श्टाटबानमध्ये दादाचा नंबर काढून बसले होते. माझं स्टेशन आलं, उतरले. फोन केला नाही. अजूनही केलेला नाही.

"परदेशात बसून शिकवू नका" हे लिहिणारा दादाच आहे. जुन्या भाषांतरासाठी सगळ्यात हट्टाने तोच भांडतोय, आणि मी त्याला रमाबाईंचे दाखले देतेय. मी स्वतः रोजचं वाचन जर्मनमधून करते. आईचं शास्त्र नुसतं उघडून बसते, तिच्या तारखा बघते. ज्या शब्दांत ती वाचायची ते शब्द दादाला आता आठवड्यातून एकदाच, रविवारी मंडळीत ऐकू येतात. तिचं अक्षर मी इकडे घेऊन आले. त्याच्याकडे तेवढाच शास्त्रपाठ राहिलाय.