सकाळी धावणारं मूल संध्याकाळी पाय का ओढतं?

‘नाटकं करतोय’ हे वाक्य मी पालकांच्या, शिक्षकांच्या तोंडून इतकं ऐकते की आज लिहायला बसलेच. सकाळी उड्या मारत शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी चवड्यावर चालतं, पाऊल आत वळतं, जिना चढताना रडतं. रात्री झोपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बरं! ओपीडी बहुतेक सकाळची, त्यामुळे डॉक्टरांनाही फारसं काही दिसत नाही.

यामागे डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया हा आनुवंशिक आजार असू शकतो. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आखडून हात-पाय वाकडे वळणं. जपानच्या डॉ. मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात त्याचं वर्णन केलं, १९९४ मध्ये जनुक सापडलं. त्या जनुकातल्या दोषामुळे मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन कमी तयार होतं. पण ते बनवणाऱ्या पेशी मरत नाहीत, म्हणूनच लेव्होडोपाच्या (शरीरात डोपामिन बनणाऱ्या औषधाच्या) अगदी कमी डोसवर मूल चालू-पळू लागतं. न्यूरॉलॉजीत असं क्वचितच घडतं.

आणि तरीही यातल्या काही मुलांवर ‘सेरेब्रल पाल्सी’चा, म्हणजे बहुधा जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन हालचालींत आलेल्या कायमच्या दोषाचा, शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं फक्त व्यायाम चालू राहतात. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, व्यायामाचं मोल जाणते. पण बाळंतपण सुरळीत, पहिली काही वर्षं चालणं छान, एमआरआय नॉर्मल आणि त्रास पाच-सहा वर्षांचं झाल्यावर सुरू झालेला, असं असेल तर तो शिक्का मला पटत नाही. अशा मुलाचा बूट उलटा करून बघा. टाच कोरी आणि पुढची कड झिजलेली दिसेल.

घरातही चौकशी करा. मुलींमध्ये हे जास्त दिसतं. दोष असूनही काहींना त्रास होतच नाही, तर एखाद्या आत्याला किंवा आजोबांना नुसता हाताचा कंप असतो.

मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा, एक सकाळी उठल्यावर, एक संध्याकाळी, त्याच जागी चालताना. ते घेऊन मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि ‘लेव्होडोपा देऊन बघता येईल का?’ असं स्पष्ट विचारा. गोळी मनाने सुरू करू नका. विल्सनसारखे, शरीरात तांबं साठणारे आजारही आधी तपासावे लागतात, त्यांचे उपचार वेगळे.

निदान जुनं झालंय म्हणून विचारायला संकोच करू नका. मोठेपणी हा आजार ओळखला गेलेल्यांनाही याच गोळीचा गुण आलेला आहे.