महान गवयावर सिनेमा काढताय? हे घ्या सल्ले

परवा रविवारी मित्राच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणांनी 1994 चा 'फारिनेली' हा सिनेमा बघितला, मग भजी आणि चर्चा. फारिनेली म्हणजे अठराव्या शतकातला इटालियन गवई, आवाज फुटू नये, उंचच राहावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेला. त्या चर्चेतून उठून आल्यापासून डोकं सटकलंय, म्हणून हे फुकटचे सल्ले.

आधी व्हिलन शोधा. संगीतकार हँडेल रिकामाच आहे. 1734 ला फारिनेली लंडनमध्ये हँडेलच्या विरोधातल्या ऑपेरा कंपनीत गेला, एवढं पुरे, खुन्नस आपण भरू. गाणंही हँडेलचंच ढापायचं, 'लाशा किओ पियांगा', ते 1711 च्या ऑपेरातलं, तेव्हा फारिनेली सहा वर्षांचा, आणि गाणं मुळात नायिकेचं. असू दे हो, रडू येतंय ना?

रियाज दाखवू नका, पोर्पोरा गुरुजी बोअर करतात.

आवाजासाठी एक बाई, एक बुवा, दोघांचे सूर कॉम्प्युटरवर शिवून टाका. (हे काम झकास झालंय, खोटं कशाला बोलू.) मग त्याचीच रील फॅमिली ग्रुपवर येते, 'तीनशे वर्षांपूर्वीचा ओरिजिनल आवाज'. हो काका, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला.

माद्रिद घाईत उरका. स्पेनचा पाचवा फिलिप राजा खचून अंथरुणाला खिळलेला, दाढी नाही, अंघोळ नाही, आणि 1737 ला राणी हा गवई आणून शेजारच्या खोलीत गायला बसवते आणि राजा उठतो, आणि मग राजा मरेपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, हा रात्री-रात्री त्याच्यासाठी गातो, पब्लिकसमोर परत कधीच नाही, युरोपभर ज्याच्यासाठी लोक वेडे झालेले त्याने बत्तिसाव्या वर्षी स्टेज सोडलं! पण यात पलंग कुठाय? त्यापेक्षा दोन भाऊ आणि एक बाई दाखवा, लोक तिकीट काढतील.

प्रेक्षकांना सल्ला एकच. चर्चेत फक्त विचारायचं, 'पण मग त्याला जमायचं का?' आणि टाळी द्यायची. चाळीस मिनिटं हेच चाललं होतं. अरे, पोरं होती ती! आवाज फुटायच्या आत, आठ-दहा वर्षांची, आडवी पाडून कापलेली. कापणं गुन्हा, म्हणून घरोघरी कारण तयार, घोड्यावरून पडला, डुकराने चावलं, फारिनेलीच्याही नावावर घोडाच आहे. आणि गुन्हा म्हणणाऱ्या चर्चलाच बायकांचा आवाज चालत नव्हता, म्हणून गायला परत हीच पोरं. एखादाच फारिनेली होतो, बाकीच्यांचं काय? कुणाचा आवाजच लागला नाही, ते सगळं उगाच गेलं. आणि तुम्ही तोंडात भजी कोंबून खिदळताय. लाज वाटत नाही? पुढच्या रविवारी मला बोलवू नका.