लायकेनचं ‘आदर्श लग्न’ आणि बाकीच्या थापा

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, मला एकटीलाच चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. थोडक्यात मजकूर असा: “झाडावर, दगडावर दिसणारं लायकेन म्हणजे निसर्गातलं आदर्श लग्न. बुरशी घर देते, शैवाल अन्न देतं, दोघं सुखी. जमिनीवर आलेला पहिला सजीव हाच. जिथे लायकेन तिथे हवा शुद्ध. अंतराळातही वाढतं. शंभर टक्के नैसर्गिक अँटिबायोटिक. फोटो काढा, अ‍ॅपवर नाव शोधा, आणि झाडाला लागलं असेल तर खरवडून टाका, नाहीतर झाड मरेल.” शेवटी हात जोडलेले आणि हिरवी पानं वगैरे.

आता ज्याला हवा शुद्ध करणारा म्हणून डोक्यावर घ्यायचं त्यालाच झाडावरून खरवडून पण काढायचं, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत. पण मेसेज सगळाच खोटा नाहीये, आणि त्रास तिथेच आहे. निम्म्या गोष्टी कधीकाळी पुस्तकात होत्या, संशोधन पुढे गेलं आणि मेसेज तिथेच राहिला.

लग्नापासून सुरू करू.

१८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसाने सांगितलं की लायकेन ही एक वनस्पती नाहीच, बुरशी आणि शैवाल असे दोन जीव एकत्र आहेत. लोक भडकले, विल्यम नायलँडरसारखा त्या काळातला दादा लायकेनतज्ज्ञ तर शेवटपर्यंत मानायला तयार नव्हता. पण गंमत बघा, श्वेंडेनरने लग्न वगैरे काही म्हटलं नव्हतं. त्याच्या वर्णनात बुरशी मालक आहे आणि शैवालाच्या पेशी पकडून ठेवलेले गुलाम! सुखी संसार नंतर शाळेच्या पुस्तकांनी लावून दिला. १८७७ मध्ये आल्बर्ट फ्रँकने लायकेनसाठीच सहजीवन या अर्थाचा शब्द वापरला तो मुद्दाम तटस्थ, म्हणजे एकत्र राहतात एवढंच, कोणाचा फायदा कोणाचा तोटा ते नंतर बघू. आणि खरंच, शैवाल जी साखर बनवतं त्यातला मोठा वाटा बुरशी घेऊन जाते, बऱ्याच जोड्यांमधलं शैवाल बाहेर एकटं जगू शकतं पण बुरशी बाहेर एकटी सहसा सापडत नाही. कोणाला कोणाची गरज जास्त ते तुम्हीच ठरवा.

बरं, ‘दोघं’ हे तरी खरं का? इथे गोष्ट मस्त होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलात झाडांवरून केसांच्या बटांसारखी लोंबणारी दोन लायकेन आहेत, ब्रायोरिया फ्रेमाँटाय आणि ब्रायोरिया टॉर्ट्युओझा. एक तपकिरी. दुसरं पिवळट, कारण त्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर, ते विषारी असतं. आता डीएनए तपासला तर दोघांतली मुख्य बुरशी सारखीच आणि शैवालही सारखंच. मग एकच नवरा एकच बायको, आणि दोन घरं इतकी वेगळी कशी? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी कोणते जीन चालू आहेत ते पाहिलं, आधी त्या एका बुरशीपुरतंच पाहिलं तेव्हा फरकच दिसेना, मग जाळं मोठं टाकलं आणि बाहेर आली तिसरीच पार्टी, एक यीस्ट, तेही बुरशींच्या वेगळ्याच गटातलं. ते लायकेनच्या बाहेरच्या सालीत बसलेलं, आणि पिवळ्यात जास्त. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात हे छापून आलं. दीडशे वर्षं लोक मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते आणि हे कोणाला दिसलं नव्हतं.

त्यानंतर अर्थातच दुसरा फॉरवर्ड आला, “प्रत्येक लायकेनमध्ये तिघं असतात.” तेही चूक. २०१९ मध्ये जेम्स लेंडेमर आणि मंडळींनी ३३९ प्रजातींचा डीएनए चाळला तर ही यीस्टं फार थोड्यांमध्ये सापडली. त्याच वर्षी लांडगा लायकेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिवळ्याधमक लेथॅरियाच्या सालीत मात्र आणखी एक वेगळी बुरशी निघाली. म्हणजे कुठे दोन, कुठे तीन, कुठे चार, शिवाय बॅक्टेरिया. २०२४ मध्ये जगभरातल्या चारशेहून जास्त नमुन्यांचा एकत्र अभ्यास झाला त्यात काही ठरावीक बॅक्टेरियाच पुन्हापुन्हा सापडतात असं दिसलं, ते तिथे नक्की काय काम करतात हे अजून शोधणं चालू आहे. तेव्हा लग्न म्हणायची हौसच असेल तर भाडेकरू, पोटभाडेकरू, मालक आणि कधीमधी न विचारता घुसलेले पाहुणे असलेली चाळ म्हणा, ते जास्त जवळचं.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पेल्टिजेरा अफ्थोसा. थंड प्रदेशात जमिनीवर पसरतं, कोरडं असताना अगदी मरगळलेलं, करडंहिरवट. पाण्याचे चार थेंब टाका, काही मिनिटांत लेट्यूससारखं हिरवंगार, कारण वरची साल ओली झाली की पारदर्शक होते आणि आतलं शैवाल दिसायला लागतं. मग भिंग घेऊन बघा, त्या हिरव्यावर काळपट तिळासारखे उंचवटे. हिरवं शैवाल साखर बनवतं आणि त्या तिळांच्या आत सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न बनवणारे बॅक्टेरिया) हवेतला नायट्रोजन पकडत बसलेले. दोन वेगळी खाती, वेगळ्या खोल्या. मेसेजमधल्या त्या लग्नात हे कुठे बसवणार?

“जमिनीवर आलेला पहिला सजीव.” हे मीही बरीच वर्षं बिनधास्त सांगायचे, त्यामुळे इथे कान माझे पण पकडायला हवेत. आज उघड्या खडकावर लायकेन लवकर येतं, आम्लं सोडून दगड हळूहळू झिजवतं, हे खरं. पण त्यावरून ‘इतिहासातही तेच पहिलं’ ही उडी झाली. मॅथ्यू नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये बुरशींच्या आणि शैवालांच्या वंशवृक्षांना काळाची पट्टी लावून बघितली तर आजची लायकेन बनवणारी घराणी रसवाहिन्या असलेल्या वनस्पतींच्या नंतरची निघाली. जीवाश्म पण साधारण तेच सांगतात. खात्रीलायक जुनी लायकेन ४१ कोटी वर्षांच्या आसपासची, आणि कुकसोनियासारख्या वनस्पती त्याच्याही आधीच्या. चीनमधला साधारण ६० कोटी वर्षांपूर्वीचा लायकेनसारखा जीवाश्म कोणीतरी कमेंटमध्ये आणेलच म्हणून आधीच सांगते, तो उथळ समुद्रातला आहे, जमिनीवरचा नाही, आणि त्याला लायकेन म्हणावं का यावरही वाद आहेत.

“अंतराळात वाढतं.” नाही हो. २००५ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने दोन प्रजाती फोटॉन यानाच्या बाहेर पंधरा दिवसांच्या आसपास उघड्यावर ठेवल्या, निर्वात पोकळी, अतिनील किरणं, सगळं. परत आणून पाणी दिल्यावर त्यांचं प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण ती तिथे वाळून झोपली होती, वाढली वगैरे नाहीत. पृथ्वीवर सगळं व्यवस्थित मिळून सुद्धा यातलं नकाशा लायकेन म्हणजे रायझोकार्पॉन वर्षाला एक मिलिमीटर पण वाढत नाही, ते वर जाऊन काय वाढणार!

आता हवेचं. याचा उगम चांगला आहे. १८६६ मध्ये त्याच नायलँडरने (हो, तोच हटवादी) पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन बघून लिहिलं की ही हवेची स्वच्छता मोजायचं साधन होऊ शकतात. माणूस एका बाबतीत साफ चुकला आणि दुसऱ्या बाबतीत शंभर वर्षं पुढे होता. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज या दोन अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडाच्या सालीवर कोणकोणती लायकेन आहेत त्यावरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधायची पट्टीच तयार केली. पण कळीचा शब्द आहे ‘कोणकोणती’. लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं करडं-हिरवं खरबरीत लायकेन कोळशाच्या धुरात मजेत पसरलं होतं, आणि हवा सुधारली तशी तेच कमी होत गेलं! पिवळंनारिंगी झँथोरिया परायटिना नायट्रोजनवर खूश, म्हणजे गुरांच्या गोठ्यांतून आणि खतांतून अमोनिया येत असेल तिथे झाडं पिवळी करून टाकतं. तेव्हा झाड लायकेनने भरलंय म्हणून दीर्घ श्वास घेण्याआधी जरा बघा कुठलं आहे. बरं, काही व्हर्जनमध्ये ‘हवा गाळून शुद्ध करतं’ असंही आहे. लायकेनला मुळं नाहीत, पानांसारखा मेणाचा थर नाही, जे काही येतं ते थेट अंगावर घेतं आणि साठवतं. चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये स्कँडिनेव्हियात किरणोत्सर्गी सीझियम लायकेनमध्ये साठलं आणि ते खाणाऱ्या रेनडियरच्या मांसात पोचलं. साठवणं म्हणजे शुद्ध करणं नव्हे.

झाड मरतं का, तर नाही, बहुतेक वेळा उलटं असतं. फांदी वाळली, पानं गळली, ऊन आलं, आणि लायकेनला हवी तशी जागा झाली. धरून ठेवायला लायकेनचे बारीक तंतू असतात, रस ओढायला नाहीत. २०२२ मधल्या एका जीनोम अभ्यासात काही लायकेन-बुरशींकडे वनस्पतींच्या पेशीभित्ती फोडू शकतील अशा एन्झाइमचे जीन बऱ्यापैकी दिसलेत, म्हणजे सालीतलं काही चोरूनमारून खात असतीलही. पण हत्यार घरात असणं वेगळं आणि खून करणं वेगळं. खरवडू नका, साल सोलून झाडाला जखम मात्र तुम्ही कराल.

“फोटो काढा, नाव शोधा.” इथे मला हसू आलं. कोरा म्हणून एक लायकेन आहे, अमेरिकेच्या उष्ण भागात, पंख्यासारखं. कित्येक वर्षं एकच प्रजाती समजायचे. २०१४ मध्ये रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी डीएनए पाहिला तर एकाच्या निघाल्या १२६, आणि एकूण चारशेच्या वर असाव्यात असा अंदाज. डोळ्याला एकच दिसणारी गोष्ट! उलटही होतं, तीच बुरशी हिरव्या शैवालाबरोबर राहिली तर पानासारखी पसरते आणि सायनोबॅक्टेरियाबरोबर राहिली तर काही वेळा बारीक झुडपासारखी होते, दिसायला दोन आणि बुरशी एक. (नियमाने लायकेनचं नाव हे त्यातल्या मुख्य बुरशीचं नाव असतं, त्यामुळे दोघांना नाव एकच.) जगात नोंदलेल्या प्रजाती वीस हजारांच्या घरात आहेत, आणि खरं नाव लावायला अजूनही लोक खिशात बाटल्या घेऊन फिरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब त्या पिवळ्या झँथोरियावर टाकला की क्षणात गडद लालजांभळा डाग, तो त्यातल्या परायटिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. साध्या ब्लीचने ज्यावर लाल चढतो त्यात लेकॅनोरिक आम्लासारखं काहीतरी. अ‍ॅपला हा थेंब कुठून टाकता येणार.

राहिलं ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’, आणि हाच मुद्दा खरा धोकादायक आहे म्हणून याच्यावर मला चिडायचा हक्क आहे. लायकेन हजाराच्या आसपास वेगवेगळी रसायनं बनवतात, त्यातलं अस्निक आम्ल परीक्षानळीत काही बॅक्टेरिया मारतं हे बरोबर. परीक्षानळीत ब्लीचही मारतं. हेच अस्निक आम्ल वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये घातलं गेलं आणि यकृत खराब झाल्याच्या तक्रारी आल्यावर २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) लिपोकायनेटिक्स नावाचं असं एक प्रॉडक्ट घेऊ नका असा जाहीर इशारा दिला. २००४ मध्ये वायोमिंगमध्ये शेकडो एल्क हरणं उठता न येऊन मेली, जमिनीवरचं एक लायकेन खाऊन. आणि मगाशी आलेलं ते लांडगा लायकेन, त्याला ते नाव पडलं कारण उत्तर युरोपात लांडगे मारायच्या आमिषात ते घालायचे. सगळं शंभर टक्के नैसर्गिक.

औषधं निघतील का, तर कदाचित, पण उकळून प्यायल्याने नाही. लायकेन वाढायला जन्म जातो, आणि बुरशी एकटी डिशमध्ये वाढवली तर बऱ्याचदा ती ते रसायन बनवतच नाही, जीन असतात पण गप्प. म्हणून आता वेगळा रस्ता काढलाय. २०२१ मध्ये ॲट्रॅनोरिन नावाचं रसायन बनवणारे लायकेनचे जीन हरभऱ्यावर रोग आणणाऱ्या एका बुरशीत घातले आणि तिने ते बनवून दाखवलं. त्याच वर्षी लेकॅनोरिक आम्लाचा जीन यीस्टमध्ये चालवला. एकेका लायकेनच्या जीनोममध्ये असे रसायन बनवणारे जीनसमूह डझनावारी आहेत आणि त्यातले बहुतेक काय बनवतात ते अजून ठाऊक नाही.

आणि हो, मेसेजबरोबर आलेला तो हिरव्या मखमलीसारखा सुंदर फोटो मोठा करून बघा, त्याला इवलीइवली पानं आहेत. ते मॉस आहे, म्हणजे इवलीशी वनस्पती, लायकेन नाहीच.