टो ट्रकची बॉडी: ‘डोळे झाकून फ्लॅटबेड घ्या’ म्हणणाऱ्यांना

टोइंग आणि रोडसाइड सर्व्हिसमध्ये उतरू पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. थोडक्यात तो असा: डोळे झाकून फ्लॅटबेड (अख्खी गाडी चढवता येईल असा सरकता, सपाट डेक) घ्या, एकच बॉडी, म्हणजे चासीवर बसवलेला मागचा साज, सगळ्या कामांना पुरते. व्हील-लिफ्टनं, म्हणजे दोनच चाकं उचलून ओढण्यानं, गिऱ्हाइकाच्या गाडीचं वाटोळं होतं. बूम (गाडी उचलणारा मागचा दांडा) दणकट असली की चासी, म्हणजे ट्रकचा सांगाडा, कुठलीही चालते. विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) मिळेल तेवढी मोठी घ्या. बॉडी अॅल्युमिनियमचीच हवी. आणि हत्यारांच्या पेट्या काय, नंतर लावता येतात.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला प्रत्येक मुद्दा अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड ट्रक घेणाऱ्याला बसतो.

‘फ्लॅटबेड सगळ्याला पुरतं’

चारही चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी, इलेक्ट्रिक गाडी, अपघातात एक्सल तुटलेली गाडी यांना फ्लॅटबेडच हवं. इलेक्ट्रिक गाडीत मोटर सहसा चाकांशी कायमची जोडलेली असते. ती चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढली तर मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते. म्हणून बहुतेक कंपन्या अशी गाडी चारही चाकं वर ठेवूनच न्यायला सांगतात. इथवर वाद नाही.

आता तळघरातल्या पार्किंगमध्ये बंद पडलेली गाडी घ्या. डेकची उंची साधारण एक मीटर, वर पावणेदोन मीटरची एसयूव्ही, म्हणजे पावणेतीन मीटर झालेच. अशा पार्किंगचं छत पुष्कळदा सव्वादोन मीटरच्या आतच असतं, तिथे रिकामा ट्रकसुद्धा केबिनमुळे अडतो. शिवाय डेक मागे सरकवून तिरका करायचा तर ट्रकच्या मागे जवळजवळ डेकच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. अरुंद गल्लीत, पुढे-मागे गाड्या चिकटून उभ्या असताना ती कुठून आणणार? तिथे बुटका, आखूड व्हील-लिफ्ट ट्रक पाच मिनिटांत काम उरकतो आणि फ्लॅटबेडवाला फोनवर पत्ता विचारत बसतो.

‘व्हील-लिफ्ट म्हणजे गाडीचं वाटोळं’

ही बदनामी मुळात हूक-साखळीची आहे. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या चट्टानूगा शहरात अर्नेस्ट होम्स यांनी एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, पुली आणि साखळी बसवून टो ट्रक बनवला. त्यानंतर कित्येक वर्षं गाड्या बंपरला नाहीतर एक्सलला साखळी अडकवूनच उचलल्या गेल्या. त्यात बंपर वाकायचे, हे खरंच. व्हील-लिफ्ट गाडीच्या बॉडीला हात लावत नाही. त्याचे दोन हात टायरला खालून धरतात आणि वरून पट्टा आवळला जातो.

नुकसान होतं ते चुकीची चाकं जमिनीवर ठेवल्यानं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर गाडी पुढून उचला आणि हँडब्रेक सोडा. मागची चाकं मुकाट फिरत राहतात. मागच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर मागून उचला आणि स्टिअरिंग सरळ बांधून टाका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र हयगय नको. बहुतेकांत तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि ड्राइव्हची चाकं फिरताहेत, म्हणजे आतली चक्रं पुरेशा तेलाविना फिरताहेत. हँडब्रेक अडकला असेल किंवा चारही चाकांना ड्राइव्ह असेल, तर उरलेल्या दोन चाकांखाली डॉली, म्हणजे छोट्या चाकांचा गाडा, घालायची. डॉली ट्रकवर नसेल तर तो दोष व्हील-लिफ्टच्या माथी मारू नये.

‘बूम दणकट असली की चासी कुठलीही चालते’

माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण गाड्या उलटतात त्या यानं.

बूमवरच्या पाटीवर ‘१८०० किलो’ लिहिलेलं असतं. तो आकडा बूमच्या लोखंडाचा. तुमचा ट्रक तेवढं उचलू शकतो, असं ती पाटी म्हणत नाही. वजन मागच्या एक्सलच्याही मागे लटकतं, आणि पहारीनं दगड उचलावा तसा मागचा एक्सल टेकू होऊन ट्रकचं नाक वर येऊ लागतं. हिशोब शाळेतलाच आहे. समजा व्हीलबेस ३.६ मीटर आहे आणि उचलण्याची जागा मागच्या एक्सलपासून १.८ मीटर मागे आहे. ७०० किलो उचलले की पुढच्या एक्सलवरून ३५० किलो कमी होतात आणि मागच्यावर १०५० किलो वाढतात. ७०० नव्हे, १०५०.

धंद्यातला जुना ठोकताळा असा, की उचलल्यावर पुढच्या एक्सलवर त्याच्या मूळ वजनाच्या निम्मं तरी राहिलं पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग हलकं पडतं आणि पुढचे ब्रेक नावाला उरतात. पुढचा एक्सल रिकाम्या गाडीत १४०० किलोंचा असेल, तर ७०० पेक्षा जास्त हलका होऊ द्यायचा नाही. वरच्या मापात त्याचा अर्थ १४०० किलोंपर्यंत उचलता येतं, अर्थात मागचा एक्सल आणि टायर ते झेलणार असतील तरच. आता बॉडीवाल्यानं पेटीसाठी जागा काढायला बूम ६० सेंटिमीटर मागे सरकवली, तर तोच ट्रक १०५० किलोंवर येतो. बूम तीच, पाटी तीच.

फ्लॅटबेडलाही हे चुकत नाही. उदाहरणादाखल, एकूण मंजूर वजन ७५०० किलो. केबिनसकट चासी २९००, हायड्रॉलिकसह डेक १५००, माणसं, डिझेल, पट्टे, साखळ्या मिळून ४००. उरले २७००. त्यावर २५०० किलोंची इलेक्ट्रिक एसयूव्ही चढवली की हातात २०० किलो राहतात. फ्लॅटबेडच्या मागे व्हील-लिफ्टही आहेच, लावा दुसरी गाडी, असं म्हणणाऱ्यानं ही वजाबाकी केलेली नसते. बॉडी बसल्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वजनकाट्यावर वेगवेगळा तोलून घ्या, आणि ती चिठ्ठी हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

‘विंच मिळेल तेवढी मोठी’

दोन टनांची गाडी डेकवर ओढायला किती जोर लागतो? ११ अंशांच्या चढावर चाकं फिरत असतील तर जेमतेम ४०० किलो. चारही चाकं जाम असतील तर कोरड्या पृष्ठभागावर पावणेदोन टनांच्या आसपास. ३६०० किलोंची विंच याला आरामात पुरते.

अडचण खड्ड्यात येते. सैन्यातल्या रिकव्हरीच्या ठोकताळ्यानुसार गाडी चिखलात चाकांपर्यंत रुतली तर विरोध तिच्या वजनाएवढा धरायचा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. विंचवर छापलेला आकडा तर ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर थरावर थर गुंडाळलेला असेल तर शेवटच्या थरावर ओढ तिसऱ्या हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त घटते. म्हणजे नेमकं जवळून ओढताना, दोर थोडाच सोडलेला असताना, विंच सगळ्यात कमकुवत असते. त्यावर पुली हा उपाय: ती रुतलेल्या गाडीला अडकवून, दोर तिच्यातून फिरवून परत ट्रकला बांधला की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. फक्त ती पुली जिथे अडकवाल ती जागा दुप्पट ताण सोसणारी हवी. राक्षसी विंच घेऊन ट्रकच खड्ड्याकडे घसरत निघाल्याचं दृश्य या धंद्यात नवं नाही.

‘अॅल्युमिनियमचीच बॉडी’

अॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच. म्हणून भाग जाड आणि खोल घडवावे लागतात, आणि प्रत्यक्षात बचत कागदावरच्या दोन तृतीयांशांहून बरीच कमी होते. वरची वजाबाकी काठावर येत असेल तर ती बचत सोन्याची आहे. रोज चेमटलेल्या गाड्या, तुटके एक्सल डेकवरून घासत न्यायचे असतील तर पोलाद बरं. ते कुठलाही वेल्डर जोडून देतो. अॅल्युमिनियम जिथे पोलादी सबफ्रेमला (चासी आणि डेक यांमधली चौकट) टेकतं तिथे मध्ये रबर किंवा तसलं काही घातलंय का, एवढं बघा. ओल आणि मीठ मिळालं की तो सांधा आतून खातो.

‘पेट्या नंतर लावता येतात’

रोडसाइडच्या पुष्कळ कॉलना गाडी उचलावीच लागत नाही. बॅटरी उतरलेली, टायर पंक्चर, इंधन संपलेलं, किल्ली आत राहिलेली. ज्याचं काम मुख्यतः हेच आहे त्यानं टोइंग बॉडीच का घ्यावी, हाही प्रश्न आहे. त्याला दोन्ही बाजूंना कुलपाच्या पेट्या असलेली सर्व्हिस बॉडी आणि मागे छोटं व्हील-लिफ्ट बस्स.

‘नंतर’ लावलेली पेटी जागा मिळेल तिथे लागते आणि ती जागा नेमकी रहदारीच्या बाजूला निघते. मग जंप स्टार्टर काढायला माणूस भरधाव गाड्यांकडे पाठ करून उभा. रोज लागणारं सामान रस्त्याच्या कडेकडच्या पेटीतच हवं आणि डेकचे लिव्हर दोन्ही बाजूंना. पेटीसाठी चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं चासीवाले सहसा मना करतात, तेही कारणाशिवाय नाही: तडा तिथूनच सुरू होतो. आणि इशारादिवे. ते डेकच्या शेपटालाच असतील तर डेक तिरका होताच त्यांचं तोंड जमिनीकडे वळतं, म्हणजे माणूस रस्त्यावर उतरून काम करत असतानाच मागून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. डेकबरोबर न हलणारा, उंचावरचा एक जोड चासीवर वेगळा हवा. तो बॉडीच्या ऑर्डरमध्येच लिहून द्या, कारण वायरिंग एकदा सबफ्रेमखाली बंद झालं की ते पुन्हा उघडायला वर्कशॉपवाला डेक उतरवायला लावतो.