कानाचे मशीन घेण्याआधी कानाची पूर्ण तपासणी करून घ्या

गेल्या वर्षी बाबांना ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा आम्ही सरळ एका दुकानातून मशीन घेऊन आलो. तिथे कोणी कानात डोकावूनही पाहिले नाही. पाच मिनिटांत दोन-चार आवाज ऐकवले आणि बिल हातात ठेवले. आठवडाभरात ते मशीन कपाटात गेले. पैसे गेले याहून वाईट याचे वाटते की, त्यानंतर बाबांनी घरात बोलणेच कमी केले.

या जूनमध्ये ठाण्यात नौपाड्यातील एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणशक्ती तपासणाऱ्या तज्ज्ञ) बाईंकडे गेलो. त्यांनी आधी मधुमेह, चालू औषधे आणि कानात गुणगुण होते का हे विचारले. बाबा तीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये यंत्रांच्या आवाजात काम करत होते, हेही लिहून घेतले. मग कानात बॅटरीने पाहिले. मळ साचलेला होता, म्हणून तो काढायला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. (एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही न थांबता थेट त्या डॉक्टरांकडेच जावे.)

पुढच्या खेपेस बाबांना आवाजबंद खोलीत बसवले. "काका, अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबा," असे सांगून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानाला ऐकवले. नंतर कानामागच्या हाडावर एक लहान कंपक ठेवून पुन्हा तपासले, कारण अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे की दोष आतल्या कानात किंवा नसेत, हे त्यावरून कळते. शेवटी शब्द ऐकवून ते पुन्हा उच्चारायला लावले, तेव्हा बाबांनी 'साप'ला 'ताप' म्हटले आणि 'सण'ला 'तण'. काचेपलीकडून ते पाहताना माझ्या पोटात कालवले.

या तपासणीच्या आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीच्या आवाजांकडे, उतरत गेल्या होत्या. खालच्या पट्टीचे आवाज बाबांना बरे ऐकू येत होते, पण 'स', 'फ', 'थ' यांसारखी वरच्या पट्टीतील व्यंजने हरवत होती. म्हणजे आवाज पोचत होता, शब्द पोचत नव्हता. आम्ही वर्षभर ओरडत होतो आणि ते चिडत होते, त्याचे कारण हे होते.

माझे स्पष्ट मत आहे की, हा आलेख हातात आल्याशिवाय मशीनचा विषयच काढू नये, आणि तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारायला संकोच करू नये. खर्चाची अडचण असेल, तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून वाचा व श्रवणदोष असलेल्यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सोबत घरातील एकाने जावेच, कारण आपल्याला काय ऐकू येत नाही हे त्या माणसाला स्वतःला पुरते सांगता येत नाही.

नवे मशीन लावल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. भांड्यांचा आणि कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो, असे बाबांनी वहीत लिहून नेले होते. बाईंनी ते संगणकावर कमी करून दिले आणि पुढची तारीख वहीतच लिहिली.