काका गेले, गाडी राहिली

कोल्हापूरच्या काकांनी शेवटच्या आजारपणात सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी वॅगन-आर बेळगावच्या पुतण्याला द्या." तो पुतण्या तुम्ही असाल तर अभिनंदन. काका मोठ्या मनाचे होते. मोटार वाहन कायदा तेवढा त्यांच्या वाचनात आला नव्हता.

पहिला सल्ला असा, की फार दिवस रडू नका. मालक गेल्यापासून 30 दिवसांत आरटीओला लेखी कळवायचं असतं, की मालक वारले आणि गाडी आता आम्ही वापरणार. मग तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज. विम्याचं नाव बदलायलाही साधारण तेवढीच सवलत. म्हणजे तेरावं उरकलं की कळवायला हाताशी सतरा दिवस राहतात. त्यातले दहा आरसीवरचे 'गणपतराव' आणि मृत्यू दाखल्यावरचे 'गणपती' हे एकच गृहस्थ होते, एवढं सिद्ध करण्यात घालवा.

आता तुम्ही काकांचे कोण? लाडके, हे खरं. पण काकांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि आई बसतात. पुतण्याला दुसऱ्या वर्गात चौथ्या नोंदीत, भाच्याच्या शेजारी जागा दिली आहे. तिथून गाडी दिसतसुद्धा नाही. म्हणून गाडी आधी काकूंच्या नावावर करा आणि मग काकूंकडून तुमच्या. पुण्याच्या चुलतभावाची सही घ्या, सांगलीच्या चुलतबहिणीची घ्या आणि नव्वदीच्या आजीचा अंगठाही घ्या. गाडीत बसलं की तिला उलटी होते हे मान्य, पण कायद्यानं ती वारस आहे आणि तिची हरकत नाही हे कागदावर यायलाच हवं. कुणी कोर्टाचा वारस दाखला मागितला तर घाबरू नका. त्यासाठी आपल्याकडे 1827 सालचं मुंबई रेग्युलेशन अजून चालतं. मोटार तेव्हा जन्माला यायची होती, म्हणून काय झालं?

वारस दाखल्याची खटपट नामनिर्देशनानं टळली असती, हेही आता ऐकून ठेवा. 2021 पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच घालता येतं. काकांना तुम्ही सुचवलं असतंत, तर त्यांनी ते घातलंही असतं. त्यानंतर तुम्हाला त्यांच्या घरी चहा मिळाला असता का, हा वेगळा प्रश्न.

मधेच कळेल, की गाडीवर बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटून दहा वर्षं झाली, तरी काकांनी तो उतरवलाच नव्हता. उतरवून घ्या, फॉर्म 35 लागतो. पुढे जाऊ.

आता सगळ्यात नाजूक भाग: काकांचं सिम. अर्ज ऑनलाइन करायचा आणि ओटीपी जाणार नोंदलेल्या मोबाइलवर, म्हणजे काकांच्या. त्यामुळे काकांच्या फोटोला हार घाला आणि त्यांच्या फोनला चार्जर लावा. काकू देवापुढे दिवा लावतात तेव्हा बाजूला हा फोन उताणा पडलेला असतो. तो वाजला की सगळे धावतात. निम्म्या वेळा कर्जवाली कंपनी असते. "साहेब आहेत का?" असं विचारते. काकू म्हणतात, "आंघोळीला गेलेत." खरं सांगितलं आणि कुणी नंबर बंद करून टाकला तर?

काकूंच्या नावाची आरसी आली, की ना हरकत पत्राकडे वळा. फॉर्म 28, त्यावर चासी नंबरचा पेन्सिलीनं उमटवलेला ठसा, चलनं भरल्याचा पुरावा. कायदा म्हणतो, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. तुम्ही खुशाल समजा. कर्नाटकाच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यापुढे कुणी गाडी अडवली, तर त्याला ही समज दाखवा.

पलीकडे गेल्यावर स्वाभिमान थोडा गिळावा लागेल. घरी बेळगाव म्हणा, फॉर्मवर बेळगावी लिहा. 2014 पासून सरकारदरबारी तेच नाव आहे. काकांनी महाराष्ट्राला एकरकमी कर भरला होता, तो कायमचा भरला असा त्यांचा समज होता. आता कर्नाटकाचा आजीवन कर भरा. एका जन्मात दोनदा आजीवन. महाराष्ट्राकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. मागा, कोल्हापूरला खेपा घालायला तेवढंच निमित्त. आणि हो, रांगा लावून, तारखा घेऊन एमएच-09 ला जी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीत, ती आता काढायची. केए-22 ला नवी लागेल. जुनी भिंतीवर टांगा, काकांच्या फोटोखाली शोभेल.

काही अनुभवी मंडळी यातलं काहीच करत नाहीत. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा नंबर लागतो, एवढं त्यांनी बरोबर वाचलेलं असतं. म्हणून दर अकरा महिन्यांनी ते गाडी माहेरपणाला कोल्हापुरात आणून ठेवतात. मालक मात्र वर्षानुवर्षं स्वर्गातच. मी हे सुचवत नाही. उद्या अपघात झाला, तर नुकसानभरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाच्या नावानं निघते आणि तो पत्ता पोस्टमनला सापडत नाही.

उशीर होतोय म्हणून चिडू नका. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या बाजूनं लागला तर तुमची गाडी आपोआपच महाराष्ट्रात येईल आणि हे सगळं उलट्या क्रमानं करावं लागेल. कागद जपून ठेवा.

तोवर एवढंच बघा, की ना हरकत पत्राच्या उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे आणि काकांच्या सिमचा रिचार्ज 28 दिवसांचा.